विश्लेषण : कॅल्शियमची गोळी, ज्वारीची भाकरी आणि डॉ. कमला सोहोनी, ताटातला समतोल नेमका कसा साधायचा?

हिंगोली जिल्ह्यातील कोणत्याही उपकेंद्रात गरोदर महिलेची तपासणी झाली, की तिच्या हाती गोळ्यांच्या दोन पट्ट्या येतात. एक लोहाची, दुसरी कॅल्शियमची. सेनगाव असो वा औंढा नागनाथ, कळमनुरी असो वा वसमत, हे चित्र सारखेच. घरी मात्र प्रश्न वेगळेच पडतात. दोन्ही गोळ्या एकदम घेतल्या तर चालतील का? औषधाच्या दुकानात आता कॅल्शियमसोबत मॅग्नेशियमही एकाच गोळीत मिळते, ती घ्यावी का? गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंनी सुनेच्याच पट्टीतील गोळी घेतली तर बिघडले काय?

या प्रश्नांचे मूळ एकच आहे. अन्नात किंवा गोळीत किती आहे हा एक हिशेब, आणि त्यातले शरीराच्या हाती किती लागते हा दुसरा. हा दुसरा हिशेब भारतीय अन्नाच्या बाबतीत मांडण्यात ज्यांनी आयुष्य घालवले, त्यांत एका मराठी शास्त्रज्ञ महिलेचे नाव अग्रभागी आहे : डॉ. कमला सोहोनी. त्यांचे संशोधन थेट कॅल्शियमच्या गोळीवर नव्हते. पण ताटाकडे कसे पाहावे, हे त्यांच्या कामातून शिकता येते.

कोण होत्या कमला सोहोनी?

कमला भागवत यांचा जन्म 18 जून 1911 रोजी इंदूर येथे झाला. ख्यातनाम लेखिका आणि लोकसंस्कृतीच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेतून, शिकून बाहेर पडलेल्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत त्यांची गणना होते. घरात विज्ञानाचे वातावरण असल्याने कमलाबाईंनी तीच वाट धरली. 1933 मध्ये त्या मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा उत्तीर्ण झाल्या. रसायनशास्त्र हा मुख्य विषय होता आणि गुणवत्ता यादीत त्यांचे नाव सर्वांच्या वर होते.

पुढे वडील आणि काका शिकले त्याच संस्थेत जायचे, हे जणू ठरलेलेच होते. त्यांनी अर्ज केला. पण उत्तर आले ते नकाराचे.

बंगळुरूत प्रवेश का नाकारला गेला?

त्या वेळी संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. कमलाबाईंचे गुण कमी नव्हते. अडचण एकच होती, त्या स्त्री होत्या. संशोधन हे स्त्रियांचे काम नव्हे, अशी रामन यांची तेव्हाची धारणा होती.

कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. त्या बंगळुरूला गेल्या, नकाराचे कारण विचारले आणि मागे हटण्यास नकार दिला. गांधीजींच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता आणि त्यांचा मार्गही सत्याग्रहाचाच होता. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद होणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागेल आणि पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशा त्या अटी होत्या.

हा अपमान त्यांना आयुष्यभर सलत राहिला. मात्र प्रयोगशाळेत त्यांनी त्याचे उत्तर कामाने दिले. मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास सुरू केला. त्या काळातील गोरगरिबांच्या ताटात मांस-अंडी क्वचितच असत, प्रथिनांची भिस्त डाळीवरच होती. त्यामुळे विषय साधा दिसत असला तरी तो कोट्यवधी लोकांच्या पोटाशी जोडलेला होता.

वर्षभरात रामन यांचे मत बदलले. त्यांचा प्रवेश नियमित झाला आणि इतर मुलींसाठीही संस्थेचे दार उघडले. 1936 मध्ये कमलाबाईंनी एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळवली.

केंब्रिजमध्ये त्यांनी काय शोधले?

शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथे जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते सर फ्रेडरिक हॉपकिन्स. जीवनसत्त्वांविषयीच्या कामासाठी 1929 चे नोबेल पारितोषिक मिळालेले हे शास्त्रज्ञ. कमलाबाईंनी आधी डेरेक रिक्टर यांच्याकडे आणि नंतर रॉबिन हिल यांच्याकडे काम केले.

हिल हे वनस्पतींच्या हिरव्या पेशींचे अभ्यासक. प्रकाशसंश्लेषणातील एक मूलभूत प्रक्रिया आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांच्या प्रयोगशाळेत कमलाबाईंनी अभ्यासासाठी घेतला साधा बटाटा. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हा घटक असतो, हे त्यांनी दाखवून दिले. पेशी अन्नातून ऊर्जा मिळवते त्या साखळीतील हा महत्त्वाचा दुवा आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी लोहाचा अणू असतो.

येथे खनिजांची गोष्ट सुरू होते. सायटोक्रोममध्ये लोह, तर पानांना हिरवा रंग देणाऱ्या हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम. म्हणूनच हिरव्या पालेभाज्यांतून मॅग्नेशियम मिळते. खनिजे म्हणजे केवळ हाडांत भरायचे सिमेंट नव्हे, ती पेशीच्या यंत्रातील कार्यरत भाग आहेत.

हा शोध मांडणारा कमलाबाईंचा प्रबंध जेमतेम 40 पानांचा होता. काम पूर्ण व्हायला सव्वा वर्षाच्या आसपास काळ लागला. 1939 मध्ये केंब्रिजने त्यांना पीएच.डी. दिली. विज्ञान विषयात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांची नोंद झाली.

मायदेशी परतून पोषणाकडे का वळल्या?

त्याच वर्षी त्या भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद त्यांना मिळाले. नंतर त्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक झाल्या आणि जीवनसत्त्वांच्या परिणामांवर काम करू लागल्या.

निलगिरीच्या डोंगरातील ही प्रयोगशाळा म्हणजे भारतीय पोषणशास्त्राची गंगोत्री. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी 1918 मध्ये तिचा पाया घातला. भारतीय धान्ये, डाळी, भाज्या यांत काय आणि किती आहे याचे तक्ते पहिल्यांदा तेथेच तयार झाले. 1958 मध्ये ती हैदराबादला हलली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ आज कॅल्शियम-मॅग्नेशियमचे जे आकडे सांगतात, त्यांची परंपरा या प्रयोगशाळेपर्यंत जाते.

कमलाबाई तेथे होत्या तेव्हा हिंगोली निजामाच्या हैदराबाद संस्थानात परभणी जिल्ह्याचा भाग होती. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, हरभऱ्याची भाजी, कारळाची किंवा जवसाची चटणी हे येथले रोजचे जेवण. अशाच जेवणात दडलेले बळ आणि उणिवा शोधणे, हे पुढे कमलाबाईंचे जीवितकार्य बनले.

मुंबईतील संशोधनातून काय हाती आले?

1947 मध्ये त्यांचा विवाह विमागणिततज्ज्ञ एम. व्ही. सोहोनी यांच्याशी झाला आणि त्या मुंबईत स्थायिक झाल्या. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. हीच संस्था आज इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स म्हणून परिचित आहे.

तेथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वालासारख्या कडधान्यांतील एक कोडे उलगडायला घेतले. कडधान्यांत प्रथिने भरपूर असतात, तरी ती कच्ची खाल्ली तर शरीराला पुरेपूर मिळत नाहीत. याचे कारण त्यांच्यातच असते. काही कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक द्रव्याला अटकाव करणारे घटक असतात. ट्रिप्सिनच अडले, तर प्रथिने पचणार कशी? उष्णतेने हे घटक बहुतांशी निकामी होतात. म्हणजे भिजवणे, मोड आणणे, मऊ शिजवणे या आजीच्या सवयींमागे पक्के रसायनशास्त्र आहे. हिंगोलीत ज्याचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते त्या सोयाबीनलाही हेच लागू पडते. सोयाबीन कच्चे खायचे नसते, नीट शिजवूनच खायचे असते.

कमलाबाईंचे दुसरे गाजलेले काम नीरेवरचे. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतले. ताडवर्गीय झाडांचा ताजा, न आंबलेला रस म्हणजे नीरा. मराठवाड्यातही शिंदीची झाडे ओळखीची आहेत. नीरेत आणि तिच्या गुळात जीवनसत्त्वे व लोह असल्याचे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. आदिवासी भागातील कुपोषित किशोरवयीन मुले आणि गरोदर माता यांच्या आहारात नीरा दिल्यास प्रकृती सुधारते, असे निष्कर्ष त्यांनी मांडले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्काराने गौरवण्यात आले. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या गुणवत्तेबाबत मार्गदर्शन केले.

इतके करूनही संस्थेचे संचालकपद त्यांना वेळेवर मिळाले नाही. चार वर्षे ते लांबले. बंगळुरूत भेटलेला भेदभाव मुंबईतही वेगळ्या रूपात समोर आला होता. अखेर त्या संचालक झाल्या आणि हे पद भूषवणाऱ्या त्या संस्थेच्या पहिल्या महिला ठरल्या.

कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचा संबंध काय?

कमलाबाईंच्या कामाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. अन्नघटक एकटा काम करत नाही, सोबतीला कोण आहे यावर त्याचा उपयोग ठरतो. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जोडीला हे तंतोतंत लागू पडते.

शरीरातील सुमारे 99 टक्के कॅल्शियम हाडे आणि दातांत असते. मॅग्नेशियमचा निम्म्याहून अधिक साठाही हाडांतच असतो. स्नायू आकुंचन पावण्यासाठी कॅल्शियम लागते, तर सैल पडण्याच्या कामी मॅग्नेशियम मदत करते. शरीरातील 300 हून अधिक रासायनिक क्रियांत मॅग्नेशियमचा सहभाग आहे. ड जीवनसत्त्व कामाच्या रूपात येण्यासाठी आणि रक्तातील कॅल्शियमवर नियंत्रण ठेवणारे पॅराथायरॉइड संप्रेरक स्रवण्यासाठीही ते हवे. म्हणून मॅग्नेशियम फारच खालावले, तर नुसते कॅल्शियम देऊन रक्तातील कॅल्शियम वर येत नाही.

दुसऱ्या बाजूने, गोळ्यांतून कॅल्शियमचा फार मोठा डोस घेतला तर मॅग्नेशियमच्या शोषणात अडथळा येऊ शकतो. मात्र दोन्ही नेमक्या 2 : 1 प्रमाणातच घ्यावीत, असा सरसकट वैद्यकीय नियम नाही. अनेक डब्यांवर हे प्रमाण छापलेले असते. खरे तर आपल्या ताटात आधीच काय आहे, हे पाहिल्याशिवाय कोणतेही प्रमाण निरर्थक आहे.

हिंगोलीच्या ताटात काय आहे, काय कमी आहे?

प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस आहे, स्तनदा मातेसाठी 1200 मिलिग्रॅमची. मॅग्नेशियमची गरज वय आणि लिंगानुसार साधारण 300 ते 450 मिलिग्रॅमच्या दरम्यान असते.

ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात मॅग्नेशियम 130 मिलिग्रॅमच्या आसपास, पण कॅल्शियम 30 पेक्षाही कमी. 100 मिली दुधात कॅल्शियम 120 च्या आसपास, पण मॅग्नेशियम जेमतेम 10. म्हणजे 200 ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या खाणाऱ्याला 260 मिलिग्रॅम मॅग्नेशियम भाकरीतूनच मिळते. डाळ, शेंगदाणे आणि पालेभाजी आली की गरज भागण्याच्या जवळ जाते. खरी तूट असते ती कॅल्शियमची. भाकरीसोबत दही किंवा ताक हवे ते याचसाठी. दोघांच्या उणिवा एकमेकांत भरून निघतात.

ज्यांच्या घरात भाकरी मागे पडून पांढरा भात, मैदा, बिस्किटे आणि पाव आले, तेथे चित्र उलटते. धान्य जितके पॉलिश होते, तितके मॅग्नेशियम कोंड्यासोबत निघून जाते.

दूध परवडत नसेल तर? शेवग्याच्या 100 ग्रॅम पाल्यात कॅल्शियम 300 मिलिग्रॅमच्या वर, नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असते. टरफलासह तिळात कॅल्शियम हजाराच्या आसपास आणि मॅग्नेशियम साडेतीनशेच्या आसपास मिळते. मात्र साल काढलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात कॅल्शियम फार थोडे उरते. शेवगा तर बांधावर फुकट मिळतो.

येथेही कमलाबाईंच्या वाटेनेच विचार करावा लागतो. धान्य आणि कडधान्यांत फायटेट असते. ते कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह आणि जस्त यांना बांधून ठेवते. भिजवणे, मोड आणणे, आंबवणे यांनी फायटेट कमी होते. पालकात कॅल्शियम दिसते खरे, पण त्यातील ऑक्झलेटमुळे शरीराला थोडेच मिळते. तक्त्यातला आकडा म्हणजे थेट पोटात गेलेला आकडा नव्हे.

गोळ्या घ्यायच्या असतील तर काय लक्षात ठेवावे?

गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून आणि बाळंतपणानंतर सहा महिने रोज दोन वेळा 500-500 मिलिग्रॅम कॅल्शियम देण्याचे सरकारी धोरण आहे. गरोदरपणातील रक्तदाबाचा धोका कमी करणे, हा त्यामागचा एक मोठा हेतू आहे. ही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नये. कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणते. कॅल्शियमची गोळी जेवणासोबत आणि लोहाची जेवणानंतर साधारण दोन तासांनी घ्यावी. लोहाची गोळी चहा किंवा दुधासोबत घेऊ नये, लिंबूपाणी चालते.

एका वेळी 500 मिलिग्रॅमपर्यंतचे कॅल्शियम शरीर चांगले शोषते. म्हणून मोठा डोस एकदम घेण्यापेक्षा दोनदा विभागून घेणे बरे. पट्टीवर 1250 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट लिहिलेले असेल, तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम 500 मिलिग्रॅमच असते.

मॅग्नेशियमची गोळी जास्त झाली तर जुलाब होतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या शरीरात मॅग्नेशियम साठून धोका निर्माण होऊ शकतो. मुतखडा, मूत्रपिंड विकार किंवा हृदयविकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातील कोणतीही गोळी सुरू करू नये. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर ठेवावे. काही प्रतिजैविकांवरही कॅल्शियम-मॅग्नेशियमचा परिणाम होतो, त्यामुळे सुरू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत. सुनेच्या पट्टीतील गोळी सासूबाईंनी का घेऊ नये, याचे उत्तर यात आहे. गुडघेदुखीचे कारण कॅल्शियमची कमतरता असेलच असे नाही.

ग्राहक चळवळीशी त्यांचा काय संबंध?

प्रयोगशाळेतून बाहेर पडल्यावरही कमलाबाई थांबल्या नाहीत. 1966 मध्ये मुंबईत काही महिलांनी मिळून कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहकांसाठी काम करणारी संस्था सुरू केली. कमलाबाई या संस्थेत सक्रिय होत्या. 1982-83 या काळात त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेख लिहिले. तरुण वाचकांसाठी मराठीतून विज्ञानविषयक पुस्तकेही लिहिली.

आज वर्तमानपत्रापासून मोबाइलपर्यंत पूरक गोळ्यांच्या जाहिरातींचा भडिमार होतो. पट्टी उलटून मागचा बारीक मजकूर वाचणे, प्रत्यक्ष खनिज किती ते पाहणे आणि गरज आहे का हे आधी विचारणे, ही सवय त्या चळवळीने लावू पाहिली होती.

त्यांचा अखेरचा दिवस कसा होता?

उतारवयात देशाने त्यांची पुन्हा दखल घेतली. 1998 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांच्या सत्काराचा समारंभ आयोजित केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या. 28 जून 1998 रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. 2023 मध्ये त्यांच्या 112 व्या जयंतीला गुगलने मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले, तेव्हा नव्या पिढीतील अनेकांनी हे नाव पहिल्यांदा वाचले.

संशोधन स्त्रियांचे काम नव्हे, असे एकेकाळी ज्यांना सांगण्यात आले, त्यांनी संशोधनाचा विषय निवडला तोच मुळी बाईच्या हातून रोज शिजणाऱ्या अन्नाचा. मोड आलेली मटकी, भाकरीसोबतचे ताक, बांधावरचा शेवगा आणि वेळ सांभाळून घेतलेली सरकारी गोळी, समतोल याहून फार वेगळा नसतो. गोळी पूरक आहे, ताट मुख्य आहे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. कोणतीही गोळी सुरू किंवा बंद करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)